दोन बारांमधला वेळ

बंदुकीचा इतिहास लिहिताना नळीची लांबी, गोळीचे वजन आणि माऱ्याचा पल्ला यांची मोजदाद आवर्जून होते. परंतु एक बार सुटल्यापासून दुसरा सुटेपर्यंत जो वेळ जातो आणि ज्या वेळात हातात बंदूक असूनही माणूस जवळजवळ निःशस्त्र असतो, त्या वेळाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. भाषेने त्याची दखल अधिक नेमकी घेतलेली दिसते. नळीत भरलेली दारू आणि ती पेटल्यावर होणारा धडाका या दोन्हींना मराठीत 'बार' हा एकच शब्द आहे, आणि ज्या फार्सी शब्दावरून तो आला त्याचा अर्थ भार किंवा ओझे असा आहे. म्हणजे उडण्याआधी भरणे आले, हे शब्दातच गृहीत धरलेले आहे. गडचिरोलीत आणि लगतच्या छत्तीसगडात तोंडाकडून भरायच्या गावठी बंदुकीला 'भरमार' म्हणतात, आणि आधी भर, मग मार, हा क्रम त्या नावातच ऐकू येतो. कोकणात तिलाच 'ठासणीची बंदूक' हे नाव आहे.

या विषयाला छत्तीसगडच्या बाजूने हात घालण्याला कारण आहे.  तिथला दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी असलेल्या प्रांतात मोडत असे आणि १८५४ पूर्वी शतकभर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. १७४१ मध्ये रघूजी भोसल्यांचा दिवाण भास्करराम कोल्हटकर याची फौज छत्तीसगडात शिरली आणि रतनपूरच्या कलचुरी राजाने तिच्यापुढे मान तुकवली. पुढे रघूजींचे पुत्र बिंबाजी यांनी रतनपूरला राहून १७८७ पर्यंत कारभार केला. त्याच १७४१ सालच्या एप्रिलमध्ये युरोपात मोल्विट्झच्या रणात प्रशियाच्या पायदळाने, आपले घोडदळ उधळले गेले असताना आणि राजा मैदान सोडून गेला असताना, निव्वळ भराभर बंदुका भरण्याच्या जोरावर लढाई जिंकली. हा केवळ सालाचा योगायोग आहे. परंतु या दोन फौजांमध्ये बंदूक भरण्याच्या वेळेविषयीच्या दोन अगदी भिन्न समजुती दिसतात, म्हणून तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

मराठ्यांच्या पहिल्या शतकातील बंदूक तोड्याची होती. तोडा किंवा जामगी म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी, जी विझत नाही आणि भडकतही नाही, नुसती धुमसत राहते. चाप ओढला की तोड्याचे जळते टोक बंदुकीच्या कानाजवळ, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक छिद्रापाशी, ठेवलेल्या रंजकावर टेकत असे. रंजक ही बारीक दळलेली दारू, आणि ती पेटून छिद्रातून आग आत गेली की नळीतला बार उडत असे. दुसरा बार भरायचा तर तोड्याचे टोक आधी दूर धरावे लागे, कारण जळती दोरी आणि उघडी दारू एकाच माणसाच्या दोन हातांत असत. मग शिंगड्यातून मापाने दारू ओतणे, चिंधी आणि गोळी घालणे, गजाने ठासणे, कानात रंजक घालणे, तोडा फुंकून त्यावरची राख उडवणे आणि तो पुन्हा चापात बसवणे ही सगळी कामे पार पाडेपर्यंत सरावलेल्या हातालाही मिनिटभर सहज लागे. पावसाच्या सरीने तर हे गणितच संपत असे. दारू ओलावा फार लवकर धरते, याची चिंता रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात स्पष्ट उमटली आहे. गडावरचे दारूचे कोठार घरांपासून दूर असावे आणि हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी दारू व बाण बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे, असे तेथे सांगितले आहे. दमट दारूचा बार फुसका निघतो, आणि फुसका बार पुढे भाषणांना आणि पुढाऱ्यांनाही लागू झाला.

या संथ बंदुकीच्या काळात मराठ्यांनी आपल्या युद्धपद्धतीत बंदुकीला दुय्यम जागा दिली, यामागे अज्ञान नसून हिशेब होता असे मानावे लागते. दौडता घोडा मिनिटाला साडेतीनशे ते चारशे मीटर अंतर तोडतो, आणि गुळगुळीत नळीच्या बंदुकीची गोळी शंभर मीटरच्या पलीकडे नेमाने लागेल याची खात्री फारशी नसते. म्हणजे घोडेस्वार माऱ्याच्या टप्प्यात आल्यापासून अंगावर येईपर्यंत जेमतेम पंधरा सेकंद उरतात. तोडेवाल्याला त्यात एकच बार मिळतो. तो चुकला की पुढच्या मिनिटभरासाठी त्याच्या हातात लाकडी दस्ता जोडलेली लोखंडी नळी तेवढी असते. शिलेदार आणि बारगीर यांच्या भालाईताच्या लढाईचे सारे सामर्थ्य या मोकळ्या मिनिटावर उभे होते, आणि जोवर समोरच्याला ते मिनिट आवळता आले नाही, तोवर ते सामर्थ्य अबाधित राहिले.

हे मिनिट आवळण्याचे काम यंत्राइतकेच हातांनी केले. नेदरलँड्समध्ये मॉरिस आणि विल्यम लुई या नासाऊ घराण्यातील चुलतभावांनी १५९४ च्या सुमारास प्राचीन ग्रीक-रोमन युद्धग्रंथांतून अशी कल्पना उचलली की बंदूकधाऱ्यांच्या रांगा एकामागे एक उभ्या कराव्यात, पुढच्या रांगेने बार काढून मागे जावे आणि ती भरत असताना मागच्या रांगा पाळीपाळीने पुढे याव्यात. एकट्याचा भरण्याचा वेळ त्यामुळे कमी झाला नाही, तो पलटणीत वाटला गेला. मात्र वाटप बिघडू नये यासाठी प्रत्येकाने सारख्याच क्रमाने आणि सारख्याच वेळात भरणे आवश्यक ठरले, आणि याकोब द खाइन या चित्रकाराने १६०७ मध्ये छापलेल्या पुस्तकात बंदूक हाताळण्याच्या चाळीसहून अधिक हालचाली एकेका चित्रात वेगळ्या करून दाखवल्या. कवाईत म्हणतात ती हीच. पुढे तोड्याच्या जागी चकमकीचा दगड आला, जळती दोरी गेली, आणि शेजाऱ्याच्या दारूला आग लागण्याची भीती गेल्यामुळे सैनिक खांद्याला खांदा लावून उभे राहू लागले. एका बाराची दारू आणि गोळी कागदात बांधलेले काडतूस सर्रास झाले. प्रशियात देसाऊच्या लिओपोल्डने लाकडी गजाऐवजी लोखंडी गज आणला. लाकडी गज घाईत मोडत असे आणि गज मोडला की बंदूक निकामी, एवढी साधी ती गोष्ट होती. या सगळ्यांची बेरीज मिनिटाला तीन बारांपर्यंत गेली.

दक्षिणेत ही विद्या फ्रेंचांमार्फत आली. निजामाच्या पदरी असलेल्या बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांच्या फौजेत आला, १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला त्याच्या बंदुका प्रथम निजामाविरुद्धच चालल्या, आणि पुढच्या जानेवारीत तो पानिपतावर उभा राहिला. गारदी हा शब्द पहारेकऱ्यासाठी असलेल्या युरोपीय शब्दाचा मराठी अवतार आहे. फ्रेंच धर्तीवर कवाईत शिकलेल्या, चकमकीची बंदूक आणि संगीन बाळगणाऱ्या पायदळाला तो लावला जाई. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईचे वर्णन करणाऱ्या काशीराज पंडिताने, जो दक्षिणी ब्राह्मण असून शुजाउद्दौल्याच्या चाकरीत होता आणि फार्सीत लिहीत होता, एक लक्षणीय गोष्ट नोंदवली आहे: रोहिल्यांवर चालून जाताना इब्राहिमखानाने आपल्या लोकांना तोफा-बंदुकांचा मारा थांबवून संगिनींनी भिडण्यास सांगितले. ज्या फौजेची सारी किंमत तिच्या भरण्याच्या वेगात होती, तिनेच ऐन वेळी भरणे सोडून बंदुकीचा भाला केला. रोहिल्यांची हानी भयंकर झाली आणि गारद्यांचीही. पण गारद्यांच्या माऱ्याने पाडलेली फट घोडदळाने कधी आणि कशी साधायची याचा मेळ त्या दिवशी बसला नाही, कारण पायदळाचा सेकंदांचा हिशेब आणि स्वारांचा दौडीचा हिशेब यांना एकत्र बांधणारी कवाईत कोणी कधी केलीच नव्हती. पानिपताच्या पराभवाला उपासमारीसह इतर अनेक कारणे आहेत, आणि गनिमी कावा सोडल्याचा ठपका एकट्या गारद्यांवर ठेवणारी जुनी मांडणी फार सोपी वाटते.

तो मेळ बसवण्याचा खरा प्रयत्न महादजी शिंद्यांनी केला. सव्हॉय प्रांतातल्या बेन्वा द बॉयन्यला त्यांनी १७८४ मध्ये दोन पलटणी उभारण्यास सांगितले, आणि १७९० पासून त्यांचा विस्तार होऊन त्या मोठ्या कंपूत बदलल्या; छावणीसाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून आलेला हा 'कंपू' मराठीत पुढे कट करणाऱ्या टोळक्यासाठी उरला, ही त्या फौजेची अगदीच कृतघ्न आठवण आहे. १० सप्टेंबर १७९० रोजी मेडत्याला राठोड स्वारांनी जीवावर उदार होऊन या पलटणींवर पुन्हा पुन्हा घाले घातले, तेव्हा द बॉयन्यने पलटणींचा पोकळ चौकोन रचला, म्हणजे चारही बाजूंना तोंड करून रांगा उभ्या केल्या आणि मध्ये जागा मोकळी सोडली, जेणेकरून कोणत्याही दिशेने आलेल्या घोड्याला एकाच वेळी फैर आणि संगीन या दोन्हींना सामोरे जावे लागेल. एका रांगेची फैर झडताच दुसरी तयार असेल, तर घोड्याला मिळणारे पंधरा सेकंद त्याचे राहत नाहीत. ज्या मोकळ्या वेळावर मराठ्यांचे पूर्वज शंभर वर्षे जिंकत आले होते, तो वेळ मेडत्याला मराठ्यांच्याच पायदळाने राजपुतांपुढे बंद केला.

या विद्येची कमजोरी मात्र तिच्या मालकीत होती. हुकूम देणारे आणि कवाईत शिकवणारे अधिकारी बहुतांशी युरोपीय होते, आणि १८०३ मध्ये युद्ध सुरू होताच कंपनी सरकारने त्यांना शिंद्यांची चाकरी सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा त्यांतले बरेच जण निघून गेले. शिपाई मात्र राहिले आणि २३ सप्टेंबरला असईच्या, तसेच १ नोव्हेंबरला लासवारीच्या मैदानावर ते इतक्या चिवटपणे लढले की भरण्याची विद्या शिपायांच्या हातांत पक्की मुरली होती, याविषयी शंका उरत नाही. नागपूरकरांचे पायदळ या वाटेने इतके पुढे गेले नव्हते. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर त्यांच्या बाजूने सर्वांत निकराने लढले ते चाकरीला ठेवलेले अरब. त्यांनी लहान टेकडी जिंकलीही, पण तेथे दारूचा साठा भडकून उडालेल्या गोंधळात ती हातची गेली.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि छत्तीसगड कंपनीच्या अमलात आले. त्यानंतर तीनच वर्षांत बंदूक भरण्याची कृती हाच राजकारणाचा प्रश्न बनला. तोवर नळी गुळगुळीत असे. नव्या एन्फील्ड बंदुकीच्या नळीत मळसूत्री खाचा होत्या, त्यांत गोळी घट्ट बसावी आणि तरीही गजाने सहज उतरावी म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी लावत, आणि कवाईतीच्या क्रमानुसार ते काडतूस दातांनी फोडायचे असे. एक हात बंदुकीला गुंतलेला असल्यामुळे दात हे सर्वांत जलद हत्यार ठरले होते; वेळ वाचवण्याच्या शतकभराच्या ध्यासात शिपायाचे तोंडही यंत्राचा भाग झाले होते, आणि ज्यांच्या धर्माचे बरेचसे नियम तोंडात काय जावे याविषयीचे होते, त्यांच्या तोंडाशी ही चरबी आली. दाताऐवजी बोटांनी फाडण्याची सवलत १८५७ च्या आरंभीच दिली गेली होती. मेरठला २४ एप्रिलला तिसऱ्या घोडदळाच्या ज्या कवाईतीत ९० पैकी ८५ जणांनी काडतुसे घेण्यास नकार दिला, ती कवाईत मुळात ही नवी रीत दाखवण्यासाठीच भरवलेली होती. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या प्रवासवर्णनातही काडतुसांच्या या प्रकरणाचे पडसाद आहेत. छत्तीसगडात त्याची धग १८ जानेवारी १८५८ ला रायपूरच्या छावणीत पोचली. तेथील तिसऱ्या पलटणीत उठाव करणारा हनुमानसिंह हा दारूगोळ्याच्या कोठारावर नेमलेला लास्कर, म्हणजे कामगार, होता, आणि त्याच्या सतरा साथीदारांना चारच दिवसांनी फाशी देण्यात आले.

पुढच्या पन्नास वर्षांत गज इतिहासजमा झाला. बंदूक बुडाकडून भरता येऊ लागली, धातूच्या काडतुसात दारू, गोळी आणि ठिणगी एकत्र बंद झाली. पेशव्यांनी ५ नोव्हेंबर १८१७ ला जेथे निर्णायक लढाई गमावली, त्या खडकीत १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. बारा बोअरच्या बंदुकीची काडतुसे आजही तेथे बनतात. पहिल्या महायुद्धापर्यंत पाच-पाच काडतुसांची पट्टी अंगठ्याने एका दाबात बंदुकीत उतरवण्याची सोय होऊन मिनिटाला पंधरा नेमके बार ही साधारण शिपायाकडून अपेक्षा झाली होती. तरीही तो जुना मोकळा क्षण पुरता नाहीसा झाला नव्हता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा पलटणीचा नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा बावीस वर्षांचा तरुण, आपल्या तुकडीतले सगळे पडल्यावर किंवा जखमी झाल्यावर एकटा शत्रूच्या मशिनगनवर धावून गेला. हातगोळ्याने त्याने मशिनगन चालवणारा गप्प केला, टॉमीगनने आणखी एकाला टिपले, आणि मग, व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात नोंदल्याप्रमाणे, काडतुसांची पेटी बदलायला वेळ नसल्यामुळे त्याने बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्याच घावांनी मारले. त्यानंतर शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तो त्या मोर्च्यातच पडला. पेटी बदलायला लागतात ते दोन-चार सेकंद. इब्राहिमखानाच्या गारद्यांनी संगिनीने ओलांडलेली फट ती हीच.

युद्धाबाहेर हा वेळ कमी करण्याची निकड शिकारीत होती. तेथे छऱ्याची बंदूक चाले, म्हणजे जिच्या काडतुसात एका गोळीऐवजी शिशाचे अनेक दाणे असतात ती. तिच्या नळीचे माप सांगणारा 'बारा बोअर' हा शब्द, एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतली एक जेवढी होईल तेवढा नळीचा व्यास, या जुन्या हिशेबातून आला आहे. बिजागरीवर मोडणारी दुनळी बंदूक भरायला सोपी, पण दोन बारांनंतर रिकामी. म्हणून बड्या शिकारींमध्ये बंदुकांची जोडी आणि भरून देणारा चाकर अशी व्यवस्था असे, आणि भरण्याचा वेळ मालकाच्या हातून चाकराच्या हाती जाई. शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगच्या १८९७ च्या बंदुकीत नळीखाली दुसरी नळी आली, जिच्यात पाच काडतुसे एकामागे एक बसत आणि पुढचा दस्ता मागे-पुढे ओढला की एकेक वर येत असे. मात्र ती खालची नळी भरायची ती एकेका काडतुसाला अंगठ्याने ढकलूनच. पेटी किंवा पट्टी बदलण्याची सोय तिला नव्हती, आणि बहुतेक छऱ्याच्या बंदुकांना ती अजून नाही.

गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रुजलेल्या बहुशस्त्र स्पर्धांनी नेमकी हीच अडचण खेळाच्या केंद्रस्थानी आणली. पिस्तूल, रायफल आणि छऱ्याची बंदूक घेऊन स्पर्धक आखलेल्या मार्गावरून धावत लक्ष्ये पाडतो, आणि घड्याळ पहिल्या इशाऱ्यापासून शेवटच्या बारापर्यंत थांबत नाही. पिस्तुलाची पेटी क्षणात बदलते, रायफलचीही. छऱ्याची बंदूक मात्र भरत बसावी लागते, म्हणून सामना बहुधा तिच्यावरच ठरतो. स्पर्धकांनी त्यावर जे उपाय काढले ते द खाइनच्या चित्रांच्या कुळातलेच आहेत: काडतुसे कमरेच्या पट्ट्यावर दोन-दोनच्या किंवा चार-चारच्या रांगेत उभी लावायची, बंदूक खांद्यावर उलटी करून तिचे भरण्याचे तोंड आकाशाकडे करायचे, एका पकडीत चारही काडतुसे उचलायची आणि अंगठ्याच्या दोन सलग दाबांत दोन-दोन करून ती नळीत सोडायची. एकेक भरणाऱ्याचा हात पट्ट्यापासून बंदुकीपर्यंत चार खेपा घालतो, याचा एकच. वेग अंगठ्याच्या झपाट्यातून येत नाही, तो वाचलेल्या खेपांतून येतो. आणि वाचलेली हालचाल ही जलद हालचालीपेक्षा नेहमीच भरवशाची असते, हे कवाईतीच्या शिक्षकांना फार पूर्वीपासून माहीत होते.

भारतात हा खेळ रुजण्यासारखी परिस्थिती नाही. १८७८ च्या कायद्यापासून शस्त्र ही परवान्याची वस्तू झाली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. खेळाडूंना वेगळी सवलत आहे. मराठी नेमबाजीचे नाव झाले ते याच्या अगदी उलट टोकाच्या प्रकारात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर रायफलच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्याच्या पात्रता फेरीत साठ बारांसाठी दीड तास असतो, म्हणजे बाराला सरासरी दीड मिनिट, जो वेग तोड्याच्या बंदुकीला फारसा परका वाटला नसता. तेथे एकेक काडतूस हाताने घालण्याचा वेळ श्वास बसवायला आणि वारा पाहायला वापरतात.

बहुशस्त्र स्पर्धेचा सराव मात्र बहुतांश घरातच होतो, दारू नसलेल्या पोकळ काडतुसांवर आणि समोर घड्याळ ठेवून. तीच चार काडतुसे पट्ट्यावरून नळीत आणि नळीतून पुन्हा पट्ट्यावर. चकमकीच्या काळात कवाईतीला उभ्या केलेल्या नव्या शिपायाच्या बंदुकीच्या घोड्यात गारेच्या दगडाऐवजी लाकडाचा तुकडा बसवत असत, म्हणजे दगड झिजत नसे आणि ठिणगीही पडत नसे, आणि तो शिपाई दिवसभर न उडणारा बार भरत राही.